गुरुवारचं दळण

माझ्या आत्याचं लग्न जुन्नरच्या बाजूला झालं होतं. तिसऱ्याच पावसाळ्यात तिचा नवरा तापानं गेला आणि दिवाळीच्या आधी ती माहेरी परत आली, ती कायमचीच. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. हे सगळं मला आईकडून कळलं.

आमचं गाव चाकणच्या पुढं, टेकडीच्या पायथ्याशी. घरामागं उतार, उताराच्या तळाशी ओढा आणि ओढ्याच्या काठी आमच्या घराण्याची पाणचक्की. ती कोणी बांधली हे गावात कोणालाच सांगता येत नसे. बंधाऱ्याचे दगड चुन्यात बसवलेले होते, एवढ्यावरून लोक तिला जुनी म्हणत. आधी ती आजोबा चालवत. पुढं त्यांचे गुडघे गेले. वडील पिंपरीच्या एका कंपनीत लागले होते, पहिल्या शिफ्टला पहाटेच्या बसनं जायचे. चक्कीला कुलूप लागणार असं सगळे धरून चालले होते, तेवढ्यात आत्या घरी आली.

महिन्याभरात तिनं आजोबांकडून चक्की समजून घेतली आणि एक दिवस लुगडं खोचून पाणी अडवणारी फळी उचलायला पाटात उतरली. भावकीत कुजबुज झाली. चुलत आजोबा घरी येऊन बसले. म्हणाले, "बाईमाणसानं पान्यात उतरायचं, चारचौघांत बरं दिसंल का?"

वडील जोडे काढत होते. मान वर न करता म्हणाले, "फळी कोन उचलतंय ते पान्याला कळत न्हाई."

विषय तिथंच संपला. आत्या आमची चक्कीवाली झाली. गाव तिला आक्का म्हणायचं.

मला आठवते ती चक्की अशी. बंधाऱ्यापासून एक अरुंद पाट निघायचा, वरच्या मळ्याच्या कडेनं येऊन चक्कीच्या मागच्या भिंतीपाशी थांबायचा. तिथं एक सागवानी फळी आडवी लावलेली असे. फळी उचलली की पाणी एका उतरत्या पन्हळीतून जोरात खाली झेपावायचं आणि तळघरातल्या चाकाच्या पात्यांवर आदळायचं. बैलगाडीचं चाक उभं असतं, हे आडवं, जमिनीवर ठेवलेल्या परातीसारखं. त्याच्या मधोमध उभा लाकडी कणा. कणा छतातून वर यायचा, खालच्या दगडाच्या भोकातून निघून वरच्या दगडाला जाऊन मिळायचा. खालचा दगड जागचा हलायचा नाही, वरचा फिरायचा. जात्यासारखंच सगळं, फक्त खुंट्याला हात कोणाचा नाही.

धान्य वर टांगलेल्या, नरसाळ्यासारख्या लाकडी चाड्यातून पडायचं. चाड्याला एक काठी बांधलेली, तिचं दुसरं टोक फिरत्या दगडावर टेकलेलं. दगड फिरला की काठी उडायची, चाडं हलायचं आणि दाणे थोडे थोडे भोकात सांडायचे. दगड थांबला की दाणेही थांबायचे. टक-टक-टक असा त्या काठीचा आवाज घरापर्यंत यायचा. आई स्वयंपाक करता करता म्हणायची, "आज ज्वारी चाललीय," किंवा "आज कोनीतरी भरडा काढतंय." मला तो फरक कधी कळला नाही.

पावसाळ्यापासून होळीच्या आसपासपर्यंत ओढ्याला चाक फिरेल एवढं पाणी असे. उन्हाळ्यात बायका घरच्या जात्यावर दळायच्या, नाहीतर डबे घेऊन चाकणला इंजिनाच्या गिरणीवर जायच्या. इंजिनाचं पीठ गरम निघतं, त्याला वास येतो, अशी त्यांची तक्रार असे. आमचा दगड सावकाश फिरायचा, पीठ हाताला थंड लागायचं. बाजरीच्या दिवसांत तर याचं मोल फार, कारण बाजरीचं पीठ दोन दिवस ठेवलं की कडवट होतं. म्हणून बायका थोडं थोडं दळण घेऊन वरचेवर यायच्या. येताना मूल काखेत, टोपलं डोक्यावर. नंबर येईपर्यंत चक्कीच्या ओट्यावर बसायच्या. गावात पुरुषांना पार होता, चावडी होती. बायकांना घराबाहेर विनाकारण बसायला ती एकच जागा होती. आणि खरं तर तिथंही त्यांच्याकडं दळणाचं कारण असायचंच.

आत्या जास्त बोलत नसे. पण नंबराच्या बाबतीत तिचे काही नियम होते आणि ते कोणी मोडत नसे. बाळंतिणीच्या घरचं दळण आधी. आजारी माणसाच्या पेजेची कणी आधी. आणि या सगळ्यांच्या आधी दुखवट्याच्या घरचं.

ज्या घरात माणूस गेलंय त्या घरात चूल पेटत नाही. भावकीतल्या, शेजारच्या बायका पिठलं-भाकरी करून नेतात आणि घरच्यांना बळंच खाऊ घालतात. त्याला आमच्याकडं कडू घास म्हणतात. कडू घासाचं दळण घेऊन आलेली बाई काही सांगत नसे. ती टोपल्यावर पदर टाकून दारात उभी राहायची. आत्या बघायची आणि चालू दळण थांबवायची. फळी टाकून पाणी बंद, दगडाच्या कडेचं पीठ कुंच्यानं झाडून वेगळं, मग ते दळण. एरवी प्रत्येक दळणातून चक्कीसाठी ओंजळभर पीठ काढून ठेवायची रीत होती. या दळणातून ती चिमूटही घेत नसे. ओट्यावरच्या बाया तोवर गप्प बसायच्या. पाण्याचा आणि काठीचा आवाज तेवढा असायचा. माझ्या लहानपणी गावात कोण कोण गेलं ते मला त्या गप्प बसण्यावरूनच जास्त आठवतं.

पुढं कंपन्या आल्या. आधी हायवेच्या कडेला, मग आत, मग आमच्या टेकडीच्या पलीकडं. गावातली पोरं शिफ्टला जाऊ लागली, खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, परभणी-लातूरकडची माणसं राहायला आली. स्टँडपाशी विजेची गिरणी सुरू झाली. डबा ठेवून जायचं, येताना घेऊन जायचं. कोणाला थांबायला वेळ नव्हता आणि त्यात कोणाची चूकही नव्हती. आत्याच्या ओट्यावर म्हाताऱ्या तेवढ्या उरल्या.

आमच्या पट्ट्यात गुरुवारी लाईट बंद असायची. कंपन्यांनाही त्या दिवशी सुट्टी. म्हणून बुधवारी संध्याकाळी विजेच्या गिरणीवर डब्यांची रांग लागायची आणि गुरुवारी थोड्याफार बायका परत आत्याकडं यायच्या. आत्या हसून म्हणायची, "आता माझा येकच वार हाय."

मग तोही गेला. वरच्या मळ्यातल्या काकांनी, म्हणजे ज्यांच्या शेताच्या कडेनं आमचा पाट यायचा त्यांनी, प्लॉट पाडले. प्लॉटवर जायला मुरमाचा रस्ता केला आणि तो नेमका पाटावरून गेला. पाण्यासाठी खाली एक पाइप टाकला, पण अरुंद. एका पावसातच त्यात गाळ बसला. त्या साली ओढा दुथडी भरून वाहत होता आणि आमचा पाट कोरडा होता.

आत्या त्यांच्याकडं गेली. मीही बरोबर होते. मी तेव्हा तळवड्याला एका छोट्या कारखान्यात नुकतीच लागले होते, बोलायला मला चांगलं येतं असं आत्याला वाटायचं. पण बोलायची वेळच आली नाही. काकांनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाले, "आक्का, आता कुनाला लागतीय चक्की? तुमी पन आराम करा की."

काकी चहा घेऊन आल्या. त्यांनी आत्याकडं बघितलं नाही. आत्यानं चहा प्यायला, कप विसळून पालथा घातला आणि आम्ही परत आलो. वडिलांनी नंतर दोनदा जाऊन सांगितलं. गिऱ्हाइकं येऊन प्लॉट बघून गेली की पाइप बदलतो, असं त्यांना उत्तर मिळालं.

भाद्रपद होता. बुधवारी वडील पहिली शिफ्ट करून घरी आले, ओट्यावर बसले, आईकडं पाणी मागितलं. आई तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत ते भिंतीला टेकून कलंडले होते. चाकणहून डॉक्टर आले, पण त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला कारखान्यात निरोप आला. मी घरी पोचले तेव्हा अंगणात गाव जमलेलं होतं.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. वडिलांचा गावात शब्द होता. विजेच्या गिरणीवाल्यानं त्यांच्यासाठी गिरणी बंद ठेवली आणि तोही खांदा द्यायला आला. बुधवारची रांग लागलीच नाही. ज्या बायका डबे घेऊन निघाल्या होत्या त्या डबे घरी ठेवून आमच्याकडं आल्या. त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आला. गुरुवार उजाडला, लाईट गेली आणि गावात जवळजवळ कोणाच्याच डब्यात पुरेसं पीठ नव्हतं. आमच्याकडं जुन्नरचे, खेडचे, मावळातले पाहुणे येऊन पडलेले. घरोघरची जाती केव्हाच अडगळीत गेली होती, चाकणची इंजिनाची गिरणीही बंद पडली होती. कडू घास कशाचा करायचा?

मी आईजवळ बसले होते. आत्या रात्रभर दाराशी बसून होती, रडली नव्हती. बायकांचं बोलणं तिच्या कानावर गेलं तशी ती उठली आणि खुंटीवरची चक्कीची किल्ली काढली.

गावातली म्हातारी सुईण आमच्या उंबऱ्यातच बसली होती. माझ्या पिढीतली सगळी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. तिनं आत्याचं मनगट धरलं.

"कुठं निगालीस?"

"दळाया."

"दुखवट्याच्या घरानं दळायचं नसतं. आमाला कोनी शिकवलं हे?"

आत्यानं विचारलं, "मग कोन दळनार?"

"आमी दळू. किल्ली दे."

"पाटाला पानी न्हाई," आत्या म्हणाली. "कोरडा हाय त्यो."

सुईणीनं किल्ली स्वतःच काढून घेतली आणि अंगणातल्या बायकांकडं वळली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. पण थोड्या वेळानं बायका आपापल्या घरी गेल्या आणि फावडी, कुदळी, घमेली घेऊन परत आल्या. परभणीकडच्या भाडेकरू बायकाही होत्या त्यांच्यात. त्यांना धड ठाऊकही नव्हतं की कुठं जायचंय. मला घरात बसवेना. मी आईकडं बघितलं, तिनं मानेनंच जा म्हटलं. मी त्यांच्यामागं पाटाच्या कडेनं वर गेले. कोणी मला अडवलं नाही आणि हातात कुदळही दिली नाही.

मुरमाच्या रस्त्यापाशी काकी आधीच उभ्या होत्या. वरच्या मळ्यातल्या काकी, ज्यांनी त्या दिवशी आमच्याकडं बघितलं नव्हतं. पदर कमरेला खोचलेला, हातात कुदळ, आणि त्यांनी एका बाजूनं रस्ता उकरायला सुरुवातही केली होती. एकट्यांनीच. बाकीच्या बायका त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि खणू लागल्या.

मुरूम पावसानं बसला होता, कुदळ वाजायची. अर्धा रस्ता कापून झाला असेल तेव्हा काका आले. बनियनवर, धावतच.

"अगं, काय लावलंय हे? गिऱ्हाईक यायचंय आज!"

काकींनी कुदळ थांबवली नाही. "कडू घासाचं पीठ हाय. बाजूला व्हा."

"पन माझा रस्ता—"

"बाजूला व्हा म्हनते न्हवं."

काका माझ्याकडं बघून थबकले. मला वाटतं, मी तिथं असेन असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. काल तेही वडिलांना खांदा देऊन आले होते. ते मागं फिरले आणि निघून गेले. त्यांनी मदत केली असं मी म्हणणार नाही. पण ते कोणाला बोलावून घेऊन परत आले नाहीत, हेही खरं.

पाइप निघाला. त्याच्या तोंडातला गाळ बायकांनी हातांनी ओढून काढला. मग पाणी आलं. आधी चहाच्या रंगाचं, काटक्या-पाला घेऊन, सावकाश, मग भरून. ते पाटातून खाली निघालं आणि बायका त्याच्या बरोबरीनं चालत खाली आल्या. मी मागच्या दारी आत्यापाशी येऊन बसले. उतारावरून चक्की समोर दिसत होती.

कोणीतरी फळी उचलली. इतके महिने कोरडं पडलेलं चाक आधी कण्हलं, मग फिरलं. काठी टकटकायला लागली. आत्या ऐकत होती. तिचे दोन्ही हात मांडीवर पालथे पडले होते.

"दगड वर हाय," ती म्हणाली. "जाडं पडतंय." वरचा दगड केसभर वर-खाली करायला खालच्या तुळईला एक खुंटी असे. "जा, सांग त्यांना. खुंटी उजवीकडं पिळा. हळू."

मी खाली गेले. चक्कीच्या आत एवढ्या बायका मी पूर्वी पाहिल्या नव्हत्या. एक चाड्यात बाजरी ओतत होती, दुसरी पीठ गोळा करत होती आणि सुईण दगडाशेजारी उकिडवी बसून प्रत्येकीला रागावत होती. मी दारातूनच निरोप सांगितला. कोणीतरी खुंटी पिळली. आवाज बदलला, निदान मला तसं वाटलं. परत वर आले तेव्हा आत्यानं नुसती मान डोलावली.

दुपारी कडू घास आला. टोपल्यात फडक्याखाली भाकरी, पातेल्यात पिठलं, मीठ-मिरची. सुईणीनं आईला पहिला घास भरवला, मग मला. आत्यापुढं ताट ठेवलं तर ती घेईना. काकी पुढं आल्या. त्यांच्या नखांत मुरूम तसाच होता. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि आत्याच्या तोंडापाशी धरला. आत्यानं तोंड उघडलं. चावत राहिली. आयुष्यभर तिनं गावाच्या भाकरीचं पीठ दळलं होतं, पण आपल्या चक्कीचं दुसऱ्याच्या हातचं पीठ ती पहिल्यांदाच खात असावी.

"जरा भरड हाय," ती म्हणाली.

आणि मग रडली. मोठ्यानं, तोंडात घास तसाच असताना. काकींनी तिला जवळ घेतलं. मीही तेव्हाच रडले. आदल्या दिवसापासून मला रडू आलंच नव्हतं, ते मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं.

तेरावा होईपर्यंत काकांनी तो कापलेला रस्ता तसाच ठेवला. नंतर बुजवला, पण रुंद तोंडाचा पाइप टाकून. काकींनी लावून धरलं असणार. घरात काय झालं ते आम्ही विचारलं नाही. चक्की आणखी काही वर्षं गुरुवारी फिरत राहिली. पुढं गुरुवारची लाईट जाणंही कमी झालं. ओढ्याला टेकडीपलीकडच्या शेडमधून तेलकट तवंग येऊ लागला. पाणी पिठाला शिवत नाही हे आत्याला माहीत होतं, तरी एक दिवस तिनं तळघरात उतरून चाकाच्या पात्यांवर बोट फिरवलं, वास घेतला आणि फळी कायमची टाकली. तो निर्णय तिचा एकटीचा होता.

लग्नानंतर मी चिंचवडला राहायला आले. आई आधी गेली. आत्या गावात एकटीच राहायची, शेजार होता. दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि ओढा सिमेंटच्या नळ्यांत घालायचं ठरलं. चक्की मधे येत होती. मी सुट्टी टाकून गेले. मला वाटलं होतं ती अडून बसेल, किंवा निदान दगड तरी ठेवून घ्या म्हणेल. मी तसं विचारलंही. वरचा दगड आपण चिंचवडला नेऊ, सोसायटीच्या बागेत ठेवू, असं मी म्हणाले.

"बागेत कशाला?" ती म्हणाली. "लोकं त्याच्यावर बसतील."

यंत्र आलं तेव्हा आम्ही मागच्या दारी उभ्या होतो. चालवणारा मुलगा हिंगोलीकडचा होता. त्यानं खाली उतरून विचारलं, "आज्जी, आत काही सामान राहिलंय का? बघून घ्या." आत्या म्हणाली, "न्हाई बाळा, काय न्हाई. चालू दे तुझं." भिंत पडायला फार वेळ लागला नाही. छप्पर गेलं, मग ओटा. दगड मातीबरोबर उचलले गेले आणि ट्रकात पडले. आत्या शेवटपर्यंत उभी होती. मी तिचा हात धरला होता, पण आधार कोण कोणाला देत होतं ते सांगता येणार नाही.

त्या दिवशी तिला मी माझ्याकडं घेऊन आले. तिनं एक पिशवी भरली होती: दोन लुगडी, देव, औषधं. चाकण चौकात नेहमीसारखी गाड्यांची दाटी होती. कांद्याचे ट्रक, कंपन्यांच्या बसेस, सुटलेली शिफ्ट. आमची बस पुढं सरकेना. आत्या खिडकीपाशी बसली होती. कितीतरी वेळ ती बाहेर बघत होती, मग तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि तिला झोप लागली. मी तिला चिंचवडपर्यंत उठवलं नाही. स्टॉप आला तेव्हा हलकेच हाक मारली.

"आलं का घर?" तिनं डोळे न उघडताच विचारलं.

"आलं आत्या."

तिनं पिशवी उचलली आणि माझ्या आधी खाली उतरली.